काळ्या मातीतलं शिसं झाडं ओढून घेतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या पूर्वेला नाग नदीच्या काठी दोन एकर वडिलोपार्जित वावर. वर्षानुवर्षं ओलीत नदीच्याच पाण्यावर, आणि पिकं पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), वांगी. वावराच्या एका कोपऱ्यात, साधारण दोन गुंठ्यांत, एका भाडेकरूने काही वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं. आता ती शेड बंद आहे. माती तपासली तेव्हा कोपऱ्यात शिसं ३,८०० मिलिग्रॅम प्रति किलो आलं आणि बाकी वावरात ९० च्या आसपास. वावरात कॅडमियम २.४, क्रोमियम १३०, सामू (पीएच) ८.२. एका रोपवाटिकेने 'धातूशोषक' रोपांचं पॅकेज सांगितलंय: वाळा, सूर्यफूल आणि मोहरी, 'दोन वर्षांत जमीन स्वच्छ'. हे घ्यावं का, आणि तोवर भाजी पिकवावी का?

मी माती आणि प्रदूषित जमिनींच्या कामात बरीच वर्षं आहे, राखेचे तलाव आणि खाणींचे ढीग हिरवे होताना जवळून पाहिलेत, आणि झाडांवर माझा पूर्ण भरवसा आहे. तरीही पॅकेज घेऊ नका. त्यातली एक वनस्पती तुमच्या कामाची आहे, पण ती जे काम करते ते तुम्हाला सांगितलेलं काम नव्हे.

आधी हिशेब करू, कारण यात सगळं हिशेबावरच ठरतं. एक एकर जमिनीचा वरचा आठ इंचांचा थर घेतला तर त्यात साधारण हजार टन माती असते. त्यामुळे रिपोर्टमधला प्रत्येक १ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे एकरी जवळपास १ किलो धातू, हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच जाहिराती तपासायला उपयोगी पडेल. तुमच्या दोन गुंठ्यांत सुमारे ५० टन माती. शिसं ३,८०० वरून २०० वर आणायचं म्हटलं तर तिथून जवळपास १८० ते १९० किलो शिसं बाहेर जायला हवं. आता मोहरी. दोन गुंठ्यांत चांगली आली तरी वाळलेला पाला-काड्या मिळून २०० किलोच्या आसपास निघतील. त्या पाल्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं चढलं असं धरा, हे मी उदारपणे धरतेय, तर एका पिकाने २० ग्रॅम शिसं उचललं. १९० किलोंसाठी अशी साडेनऊ हजार पिकं लागतील. शिसं दहापट जास्त चढवलं तरी साडेनऊशे. 'दोन वर्षं' हा आकडा आला कुठून, हे त्या रोपवाटिकेला विचारा आणि उत्तर लेखी मागा.

मग मोहरीचं एवढं नाव का? १९९० च्या दशकात अमेरिकेत मोहरीवर खूप काम झालं. मातीत ईडीटीए नावाचं रसायन ओतलं की ते शिशाला धरून पाण्यात विरघळवतं आणि मग मोहरीच्या पाल्यात एक टक्क्याहून जास्त शिसं चढल्याचे प्रयोग छापून आले. कुंडीत हे खरंच घडतं. वावरात अडचण अशी की विरघळलेलं सगळं शिसं काही मुळांपाशी थांबून राहत नाही. ईडीटीए लवकर कुजत नाही, आणि पाऊस पडला की ते शिशासकट खाली उतरतं. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि काळ्या मातीच्या भेगा उन्हाळ्यात हातभर खोल. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं. नदीकाठच्या, विहिरीजवळच्या जमिनीत ईडीटीए ओतायला सांगणारा माणूस तुमची विहीर पणाला लावतोय. त्याला हात जोडून परत पाठवा.

सूर्यफुलाची गोष्ट चेर्नोबिलची. १९९४ मध्ये तिथल्या एका तळ्यात तरंगत्या तराफ्यांवर सूर्यफुलं लावून पाण्यातलं किरणोत्सारी सिझियम आणि स्ट्रॉन्शियम मुळांनी शोषून घेतल्याचा प्रयोग झाला होता. तो पाण्यातला प्रयोग होता आणि धातूही निराळे. पाण्यात विरघळलेला धातू मुळाला सहज भेटतो. चिकणमातीला घट्ट चिकटलेलं शिसं तसं भेटत नाही.

धातू अक्षरशः पिऊन घेणाऱ्या वनस्पती जगात आहेत, हे मात्र खरं. १९७० च्या दशकात ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी त्यांना अतिसंचयी असं नाव दिलं. न्यू कॅलेडोनियातल्या पिक्नान्ड्रा अक्युमिनाटा या झाडाचा चीक निळसर हिरवा असतो आणि सुकवला तर त्यात जवळपास चौथा हिस्सा निकेल निघतं. युरोपातली नोक्केया जस्त आणि कॅडमियम भरभरून घेते, पण ती थंड हवेतली वीतभर वनस्पती, नागपूरचा एप्रिल बघणार नाही. आर्सेनिकसाठी टेरिस व्हिटाटा हा नेचा, फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिलेला. तो भारतात जुन्या चुन्याच्या भिंतींवर, विहिरींच्या कडांना आपोआप उगवतो, त्याला चुनखडीची जमीन आवडते. आर्सेनिकवाल्या जागेत सावली आणि पाणी देता आलं तर मी तो आनंदाने लावेन. आणि जपानात भाताच्या खास वाणांनी दोन वर्षांत मातीतलं एक तृतीयांशाहून जास्त कॅडमियम काढल्याचं काम झालंय, पण ते कॅडमियम मुळात दोन मिलिग्रॅमच्या आत होतं आणि बांध्यांतलं पाणी मुद्दाम काढून टाकलं होतं. म्हणजे जिथे धातू थोडा, सुटा आणि वनस्पती त्याच धातूची भुकेली, तिथे झाडांनी धातू उपसणं जमतं. शिसं या तिन्हींत बसत नाही. जे थोडंफार मुळाशी पोचतं तेही मुळांच्या भिंतींत फॉस्फेट-कार्बोनेट होऊन अडकतं, वर चढत नाही.

तुमच्या वावराला दोष द्यावा असं मात्र काही नाही, उलट ती माती तुमच्या बाजूने आहे. ८.२ सामू, भरपूर चुनखडी, आणि धातूंना धरून ठेवणारी माँटमोरिलोनाइटची चिकणमाती. अशा मातीत शिसं जागचं हलत नाही. झाडाने ते ओढून घ्यावं अशी इच्छा असेल तर ही अडचण, पण भाजीत आणि विहिरीत ते जाऊ नये ही इच्छा असेल तर हाच आधार. मला वाटतं तुमची इच्छा दुसरी आहे. म्हणून झाडांकडून उपसा करून घेण्यापेक्षा धातू जागच्या जागी बांधून ठेवण्याचं काम घ्या. नागपूरच्या परिसरात झाडांनी नाव काढलंय ते याच कामात. गुमगावच्या मँगनीज खाणीतल्या मातीच्या ढिगांवर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातलं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा ही मुळांशी राहणारी बुरशी देऊन झाडं जगवली. जिथे गवताची काडी नव्हती तिथे सावली झाली. मँगनीज तिथेच राहिलं, धूळ आणि गाळ वाहणं थांबलं. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेवर बांबू आणि गवतं लावतात तीही याच हेतूने. तिथेही यशाचं माप मुळांनी राख किती बांधली हेच असतं.

पण कोपरा याला अपवाद आहे, आणि तो मी तुम्हाला स्वतः बघायला सांगेन. माझ्या पिशवीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी ड्रॉपरची बाटली कायम असते. चांगल्या काळ्या मातीच्या ढेकळावर दोन थेंब टाकले की फसफस होते, बारीक पांढरे बुडबुडे कडेने उठतात. ती चुनखडी. बॅटऱ्या फोडल्या त्या जागी आतलं गंधकाम्ल तिथेच ओतलेलं असतं. तिथलं ढेकूळ हातात घेतलं तर करड्या रंगाचं, वर पांढुरकी पापडी धरलेलं असतं, मध्ये काळ्या प्लास्टिकच्या डब्यांचे नखाएवढे तुकडे चमकतात. त्यावर थेंब टाकले तर बहुतेकदा काहीच होत नाही. आम्लाने तिथली चुनखडी संपवलेली असते. तुमचा ८.२ हा सामू वावरातला आहे. कोपऱ्यातला सामू वेगळा काढा, तो पाच-साडेपाच निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तिथलं शिसं बाकी वावराइतकं स्थिर नाही असं समजून चाला. हातमोजे घालूनच ढेकूळ उचला, आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

त्या कोपऱ्यात पहिलं काम म्हणजे काहीही न नांगरणं. वखर नाही, रोटाव्हेटर नाही, जेसीबीने सपाटीकरण तर अजिबात नाही. दोन गुंठ्यांतली घाण दोन एकरांत पसरवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. कुंपण घाला. गुरं आत जाऊ देऊ नका, ती फुटक्या प्लेटा आणि राख चाटतात आणि शिशाने मरतात, हे गावोगावच्या पशुवैद्यांनी पाहिलेलं आहे. दिसणारे प्लेटांचे तुकडे, स्लॅगचे (शिसं वितळवून उरलेल्या मळाचे) खडे, डब्यांचे तुकडे पाणी शिंपडून, तोंडाला धुळीचा मास्क लावून हाताने वेचा आणि जाड पिशव्यांत बंद करा. नुसत्या वेचण्याने शिशाचा मोठा वाटा कमी होतो, कारण ३,८०० हा आकडा पुष्कळदा चार-दोन खड्यांमुळेच चढलेला असतो. मग खोलीनुसार नमुने घ्या: ० ते १५ सेंटिमीटर, १५ ते ३०, ३० ते ६०. शिसं वरच्या सहा इंचांतच थांबलं असेल तर ती माती उचलून घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवणं हा सर्वांत स्वच्छ उपाय. असं केंद्र बुटीबोरीला आहे, लांब जावं लागणार नाही. खर्च आहे, आणि तो तुम्ही एकट्याने सोसावा असं माझं मत नाही. प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम काढलेत, त्यात प्रदूषण करणाऱ्यावर जबाबदारी टाकलेली आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, दोन्हीकडे रिपोर्ट आणि फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. माती उचलण्याआधी अर्ज द्या, नंतर पुरावा उरत नाही.

माती उचलणं जमलंच नाही तर ती तिथेच बांधायची. आधी चुना देऊन सामू सातच्या वर आणायचा, मग स्फुरद, म्हणजे फॉस्फेट. शिसं आणि फॉस्फेट मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं, ते जवळजवळ न विरघळणारं आहे. पण थांबा, स्फुरद टाकण्याआधी आर्सेनिक आणि अँटिमनी तपासून घ्या. बॅटरीच्या जाळीत शिशाबरोबर अँटिमनी हा दुसरा विषारी धातू मिसळलेला असतो आणि थोडं आर्सेनिकही असतं. फॉस्फेट आर्सेनिकची जागा बळकावतं आणि त्याला मातीतून मोकळं करतं. शिसं बांधायला जाऊन आर्सेनिक सोडलं असं व्हायला नको. मात्राही अंदाजाने ठरवू नका. पाच-सहा बादल्यांत तीच माती वेगवेगळ्या मात्रांनी मुरवून, कोणत्या मात्रेला विरघळणारं शिसं सर्वांत कमी होतं ते प्रयोगशाळेतून बघायचं. जास्तीचं स्फुरद नदीत गेलं तर जलपर्णीला खाऊ घातल्यासारखं होईल. त्यावर चांगलं कुजलेलं शेणखत, वर फूटभर स्वच्छ माती, आणि त्यावर हराळी किंवा मारवेल असं जमीन झाकणारं गवत. तिथे बोर, चिंच, पेरू लावू नका. फळ दिसलं की मुलं जाणारच.

आता वाळा. हीच ती पॅकेजमधली कामाची वनस्पती. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, पूर, दुष्काळ, धातू सगळं सोसतात, आणि शिसं बहुतांश मुळांतच धरून ठेवतात, पात्यात फार कमी चढू देतात. याचा अर्थ वाळा जमीन साफ करत नाही. तो कोपऱ्यातला गाळ नदीकडे आणि बाकी वावराकडे वाहू देत नाही. म्हणून तो कोपऱ्याच्या उताराकडच्या धुऱ्यावर (बांधावर) लावा, एक ओळ पुरणार नाही, दोन लावा. दोन-तीन काड्यांचे ठोंब, ओळीत चार ते सहा इंचांवर, जून-जुलैमध्ये जमीन नीट भिजल्यावर. पहिल्या वर्षी मधल्या जागा भरून घ्या, कारण ओळीत एक खिंडार राहिलं की सगळं पाणी तिथूनच जातं. पुढे वर्षातून दोनदा गुडघाभर उंचीवर कापा.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. वाळ्याची मुळं म्हणजे आपली खस. नागपुरात उन्हाळ्यात ती कूलरच्या ताटीत बसते आणि घरोघरी माठात पडते. शिसं नेमकं त्याच मुळांत साठणार आहे. त्या ओळीतला वाळा कधीही उपटायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, विकायचा तर नाहीच. घरातल्या प्रत्येकाला, वावरात येणाऱ्या मजुराला, आणि शेत पुढे ज्याच्या हाती जाईल त्यालाही हे माहीत असलं पाहिजे. धुऱ्यावर रंगवलेला दगड ठेवा, पाटी लावा. अशा जागी वाळा लावून कोणी पाटी न लावता निघून जातं तेव्हा मला खरंच भीती वाटते.

बाकी दोन एकरांची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते हलकी आहे. शिसं ९० हे आपल्या मातीच्या नैसर्गिक पातळीपेक्षा जास्त आहे, पण घाबरण्याइतकं नाही. अमेरिकेने निवासी जमिनीसाठी पूर्वी ४०० हा इशाऱ्याचा आकडा ठेवला होता, २०२४ मध्ये तो २०० वर आणला. तुम्ही त्याच्याही आत आहात. क्रोमियम १३० बघून दचकू नका. दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीत क्रोमियम, तांबं, निकेल मुळातच जास्त असतं. नागपूर या दगडाच्या अगदी काठावर बसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि शहराच्या पूर्वेला जुना ग्रॅनाइटसारखा पट्टेदार खडक लागतो. त्यामुळे एका मैलात नैसर्गिक आकडा बदलतो. पुस्तकातल्या सरासरीशी तुलना करण्याऐवजी, ज्याला नदीचं पाणी कधीच लागलं नाही अशा शेजारच्या, तशाच मातीच्या वावरातला एक नमुना घ्या. तुमच्या आकड्यातून तो वजा केला की खरं प्रदूषण कळतं. तिथे क्रोमियम ११०-१२० निघालं तर तो मुद्दा संपला.

मृदा आरोग्य पत्रिकेवर मात्र विसंबू नका. तीत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह, तांबं, मँगनीज अशा बारा गोष्टी असतात. शिसं आणि कॅडमियम त्यात नसतंच. शिवाय तीतलं जस्त-तांबं हे डीटीपीए द्रावणात सुटणारं, म्हणजे पिकाला मिळण्याजोगं असतं. तुमच्या रिपोर्टमधले आकडे एकूण धातूचे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून लोक गोंधळतात. पुढच्या वेळी प्रयोगशाळेकडून शिसं आणि कॅडमियम दोन्ही पद्धतींनी मागा, एकूण किती आणि डीटीपीएत किती. भाजीत काय जाईल याचा अंदाज दुसऱ्या आकड्यावरून येतो. नमुना घेताना प्लास्टिकचं घमेलं वापरा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या घमेल्यातली माती जस्ताचा खोटा आकडा देते.

वावरातली खरी काळजी कॅडमियमची. २.४ हा आकडा जास्त आहे, आणि कॅडमियम शिशासारखं स्थिर बसत नाही, पाल्यात चढतं. पालक, मेथी, सांभार ही तिन्ही पालेभाज्या ते जास्त घेणाऱ्यांपैकी. इथे माझं उत्तर स्पष्ट आहे: पालेभाजी आणि मुळा-गाजर या वावरात सध्या थांबवा. भेंडी, गवार, चवळी, दोडका अशा फळभाज्यांत कॅडमियम तुलनेने कमी जातं. वांगं मात्र त्यांतलं जरा जास्त घेणारं. वांगं सोडायचं नसेल तर सोलॅनम टॉर्वम या रानवांग्याच्या खुंटावरची कलमी रोपं घ्या, त्या खुंटावर फळातलं कॅडमियम निम्म्याहून कमी झाल्याचे प्रयोग जपानात झालेत. कलमी रोपं छत्तीसगडच्या रोपवाटिकांतून आपल्याकडे येतात, खुंट कोणता ते विचारून घ्या.

कॅडमियमचं एक कमजोर ठिकाण आहे, ते म्हणजे जस्त. दोघं मुळात एकाच वाटेने शिरतात. जमिनीत पिकाला मिळणारं जस्त कमी असलं की झाड कॅडमियम जास्त ओढतं. विदर्भातल्या काळ्या जमिनींत उपलब्ध जस्ताची कमतरता सर्रास आहे. डीटीपीए जस्त तपासून कमी निघालं तर झिंक सल्फेट द्या, एकरी आठ-दहा किलो ही नेहमीचीच मात्रा. स्वस्त उपाय आहे आणि कॅडमियमच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित. म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, कारण म्युरेटमधलं क्लोराइड कॅडमियमला मातीतून सोडवून मुळापर्यंत नेतं. शेणखत भरपूर, तेही कॅडमियम धरतं.

उत्पन्नाचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. दोन एकरांपैकी नदीला लागून असलेली पट्टी झेंडू, शेवंती, निशिगंधाला द्या. शहर हाताशी आहे, सीताबर्डीच्या फूलबाजारात दसरा-दिवाळीला माल जातो, आणि फुलं कोणी खात नाही. पऱ्हाटीही (कपाशी) चालेल. रुईचा प्रश्नच नाही. सरकीच्या तेलात धातू जवळजवळ येत नाहीत, पण ढेपेत येऊ शकतात, म्हणून पहिल्या वर्षी सरकीचा एक नमुना तपासून घ्या. कोपऱ्याजवळच्या ओळींच्या पऱ्हाट्या चुलीत घालू नका, जाळलं की धातू राखेत आणि धुरात येतो आणि तीच राख भांडी घासायला किंवा परसात जाते. वाळ्याचं कापलेलं पातंही पहिल्या दोन वर्षांत तपासल्याशिवाय गुरांना नको. ते त्याच ओळीच्या मुळाशी आच्छादन म्हणून पसरा.

ओलिताचं पाणी बदलल्याशिवाय यातलं काहीही टिकणार नाही. धातू नदीच्या पाण्यात विरघळलेले कमी आणि गाळाला चिकटून येणारे जास्त असतात. विहिरीचं पाणी तपासून चांगलं निघालं तर त्यावर या. नदीचंच घ्यावं लागलं तर मोटरीचं पाणी थेट वाफ्यात सोडू नका. आधी एका खड्ड्यात दिवसभर थांबवा, मग खडी भरलेल्या उथळ चरातून फिरवा आणि चरात कर्दळ आणि पाणकणीस लावा. नीरीची फायटोरिड ही सांडपाण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे, झाडं-खडी-जिवाणू मिळून पाणी निवळतं. मोहरी-सूर्यफुलावर जायचे ते पैसे इथे घाला. इथे झाडं धातू खरंच अडवतात, तोही वावरात पोचण्याआधी. खड्ड्यातला गाळ साचेल तो कोपऱ्यातल्या मातीसारखाच समजा, खत म्हणून वावरात टाकण्याचा मोह होईल, टाळा.

माणसांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते जमिनीहून जास्त लागतं. शिसं भाजीपेक्षा धुळीतून आणि हातांतून जास्त पोटात जातं, आणि त्याचा सगळ्यांत मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. शेडमध्ये काम केलेल्यांची, तुमच्या घरातल्या आणि शेजारच्या सहा वर्षांखालच्या मुलांची, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिची, रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना सांगून करून घ्या. लक्षणांची वाट बघू नका, मुलांत ती उशिरा दिसतात. वावरातल्या चपला घराबाहेर, कामाचे कपडे वेगळे धुवायचे, जेवणाआधी हात साबणाने. उन्हाळ्याचा वारा सुटायच्या आत कोपरा ताडपत्रीने झाकून टाका, ते आज-उद्याही होण्यासारखं आहे.

भाजीबद्दल शेवटचा शब्द भाजीच्याच तपासणीचा. आत्ता उभ्या पिकातून पालक, मेथी आणि वांगी यांचे प्रत्येकी किलोभर नमुने वावराच्या चार-पाच ठिकाणांहून गोळा करा. घरी करतो तसे तीन पाण्यांनी धुवा, नाहीतर पानाला चिकटलेली मातीच मोजली जाईल. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत शिसं आणि कॅडमियम मागा, आणि अहवाल ओल्या वजनावर द्यायला सांगा, कारण खाद्यपदार्थांच्या मर्यादा ओल्या वजनावरच असतात. तो अहवाल येईपर्यंत पालेभाजी बाजारात आणि घरात, दोन्हीकडे नको.